फोटोतून एखादी गोष्ट पुसली तर बिघडतं काय?

निळीशाई

आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचं 'ऱ्हाइन २' हे काम १९९९ सालचं. वर राखाडी आभाळ, खाली हिरवळीचे पट्टे आणि मधून आडवी, सरळ वाहणारी नदी. बाकी काही नाही. प्रत्यक्षात पलीकडच्या काठावर कारखान्याची इमारत होती आणि कुत्र्यांना फिरवायला आलेली माणसं होती. गुर्स्कीने ते सगळं संगणकावर काढून टाकलं. २०११ मध्ये या प्रिंटला लिलावात ४३ लाख डॉलर मिळाले.

आता दुसरा फोटो. सप्टेंबर २०१३, सीरिया. एक बंडखोर सैनिक बंदूक घेऊन आडोशाला सरकतोय. फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एका सहकारी पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा जमिनीवर पडलेला दिसत होता. छायाचित्रकार नार्सिसो कॉन्ट्रेरास याने तो कॅमेरा पुसला आणि त्या जागी आजूबाजूची जमीन भरली. जानेवारी २०१४ मध्ये त्याने स्वतःच ही गोष्ट संपादकांच्या कानावर घातली. असोसिएटेड प्रेसने त्याच्याशी असलेले संबंध तोडले. तोच माणूस आदल्या वर्षी पुलित्झर मिळवणाऱ्या चमूत होता. वृत्तसंस्थेने त्याचे बाकीचे शेकडो फोटो तपासले, त्यात कुठेही फेरफार सापडला नाही. तरीही निर्णय बदलला नाही.

म्हणजे एकाने अख्खी इमारत पुसली आणि ते काम संग्रहालयात गेलं. दुसऱ्याने कोपऱ्यातली एक वस्तू पुसली आणि त्याचं काम गेलं. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. ते का, हे मांडायला आणि तुमचं मत ऐकायला हा धागा काढलाय.

किती पुसलं यावर नैतिकता मोजायला गेलो की हिशोब लागतच नाही. बघणाऱ्याला फोटोसोबत काय सांगितलं गेलं होतं, हे बघायला हवं. बातमीतला फोटो न बोलता सांगत असतो की तुम्ही त्या क्षणी माझ्या जागी उभे असता तर तुम्हालाही हेच दिसलं असतं. गुर्स्की हे कधीच म्हणत नाही. तो नदीचं चित्र रचतो, आणि रचतो हे लपवत नाही.

इथवर बहुतेकांचं एकमत होईल. मला जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. स्तालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह, त्याला गोळी घातल्यावर स्तालिनच्या शेजारून त्याची आकृती गायब केली गेली, हे खोटं आहे हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण निव्वळ दिसायला बरं म्हणून केलेल्या साफसफाईचं काय? १९७० मध्ये अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. मृतदेहाशेजारी गुडघे टेकून आक्रोश करणाऱ्या मुलीचा जॉन फिलोने काढलेला फोटो आठवत असेल. मूळ फोटोत तिच्या डोक्यामागे कुंपणाचा खांब आहे, जणू डोक्यातूनच उगवलाय. १९९५ मध्ये 'लाइफ'मध्ये हा फोटो पुन्हा छापून आला तेव्हा खांब नव्हता. मासिकाचं म्हणणं, आम्ही हात लावलेला नाही, संग्रहातली प्रतच तशी होती. कुणीतरी कधीतरी, कुठलाही वाईट हेतू न ठेवता, तो खांब पुसला होता.

घटनेबद्दल त्यात काहीही खोटं नाही. मुलगी तीच, मृतदेह तोच, दुःख तेच. आणि तरी मला ही जात सगळ्यात घातक वाटते. खोटं बोलायला निघालेल्या माणसाला कुणी ना कुणी अडवतं. चांगल्या हेतूने साफसफाई करणाऱ्याला अडवायचं कुणाच्या मनातही येत नाही. आणि एक खांब गेला हे कळलं की बघणारा रास्तच विचारतो, आणखी काय गेलंय?

तुम्ही रेषा कुठे ओढता?

कृष्णधवल

धागा आवडला. पण एक गैरसमज आधीच दूर करतो, नाहीतर चर्चा भरकटेल. 'पूर्वी फोटो खरे असायचे, संगणक आला आणि सगळं बिघडलं' असं कुणीतरी म्हणणारच आहे.

मी अजूनही डार्करूममध्ये प्रिंट काढतो. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, त्याखाली कागद ठेवून दिवा लावला की तुमच्या हातात काही सेकंद असतात. चेहरा काळा पडतोय असं वाटलं तर तारेच्या टोकाला चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा त्या भागावर धरायचा, म्हणजे तिथे प्रकाश कमी पडून चेहरा उजळ येतो. तुकडा सतत हलवत राहायचा, एका जागी थांबला की कडा उमटते. आभाळ फिकं वाटलं तर उलट: भोक पाडलेला पुठ्ठा घेऊन फक्त आभाळावर आणखी प्रकाश सोडायचा. हे डॉजिंग आणि बर्निंग. एकाच निगेटिव्हवरून शांत सकाळही काढता येते आणि वादळाआधीची दुपारही.

अमेरिकी निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचा १९४१ चा 'मूनराइज, हर्नांडेझ' घ्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळ बरंच उजळ आहे, ढग दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये आभाळ जवळजवळ काळं. निगेटिव्ह एकच. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली संहिता आणि प्रिंट म्हणजे मैफल, अशा अर्थाचं तो म्हणायचा. बरं, एवढ्यावर तो थांबला असंही नाही. १९४४ च्या 'विंटर सनराइज'मध्ये टेकडीवर तिथल्या शाळकरी मुलांनी पांढऱ्या दगडांनी गावाची भलीमोठी आद्याक्षरं लिहिलेली होती. ॲडम्सने ती घालवली, आणि त्याबद्दल त्याला अजिबात खंत नव्हती.

पत्रकारितेतलं हवं तर युजीन स्मिथ बघा. १९५४ मध्ये 'लाइफ'साठी त्याने केलेल्या, आफ्रिकेत रुग्णालय चालवणारे डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावरच्या चित्रकथेतल्या एका प्रसिद्ध फोटोत खालच्या कोपऱ्यात करवतीची मूठ आणि एक हात काळ्या आकृतीत दिसतो. ते दुसऱ्या निगेटिव्हमधून आणलेलं आहे. आणि स्मिथ म्हणजे ज्याचं नाव घेताना वृत्तछायाचित्रकार आजही आदराने बोलतात असा माणूस.

म्हणून तंत्राला पापी ठरवू नका, इतकंच माझं म्हणणं.

निळीशाई

@कृष्णधवल, तंत्राबद्दल पूर्ण सहमत. पण स्मिथ मोठा होता म्हणून ती करवत मला पचत नाही. 'लाइफ'च्या वाचकाला श्वाइट्झरचं जग दाखवतो असं सांगून तो फोटो छापला होता. ॲडम्सच्या टेकडीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. आपण गावाची नोंद ठेवतोय असं तो म्हणतच नव्हता.

रात्रपाळी

मी वृत्तपत्राच्या फोटो डेस्कवर काम करते. नियम काय आहेत आणि मोडले कसे जातात, हे आतून सांगते.

मोठ्या वृत्तसंस्थांचे नियम वाचायला सोपे आहेत. फोटोत काही घालायचं नाही, फोटोतून काही काढायचं नाही. क्रॉप चालेल. सेन्सरवरची धूळ घालवलेली चालेल. उजेड आणि कॉन्ट्रास्ट डार्करूममध्ये जेवढा बदलला जायचा तेवढा चालेल, दृश्याचा अर्थ बदलेल इतका नाही. रॉयटर्सने २०१५ मध्ये बाहेरच्या छायाचित्रकारांना सांगून टाकलं की रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलवर, प्रक्रिया करून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यानेच तयार केलेली जेपेग फाइल द्या. रॉयटर्सला २००६ चा अनुभव होताच. बैरुतवरच्या बॉम्बहल्ल्यानंतरचा धूर छायाचित्रकार अदनान हज याने क्लोन करून, म्हणजे फोटोतलाच भाग पुन्हा पुन्हा चिकटवून, वाढवला होता. ब्लॉग लिहिणाऱ्या वाचकांच्या ते लगेच लक्षात आलं, कारण धुराचे लोट एकसारखे गोल गोल, एकावर एक उमटले होते. खरा धूर स्वतःची नक्कल करत नाही. रॉयटर्सने त्याचे ९२० फोटो विक्रीतून काढून घेतले.

क्लोन केलेला फोटो पकडायचा तर आम्ही हेच बघतो: पुनरावृत्ती. फोटो दुप्पट मोठा करायचा आणि पार्श्वभूमीवरून सावकाश फिरायचं. मधली मुख्य माणसं बघायचीच नाहीत, ती सगळ्यांनी नीट केलेली असतात. गर्दीत तोच शर्ट दोनदा दिसतो का, गवताचा तोच झुबका पुन्हा येतो का, सावल्या एकाच दिशेला पडतात का. २००३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्की याने बसऱ्याजवळचे दोन फोटो जोडून एक केला. एका फोटोतला ब्रिटिश सैनिक चांगला होता, दुसऱ्यातला मूल घेऊन येणारा माणूस चांगला होता. मागे बसलेल्या लोकांपैकी काही जण जोडलेल्या फोटोत दोन दोनदा दिसत होते. दुसऱ्या एका दैनिकातल्या कर्मचाऱ्याने ते हेरलं. १ एप्रिलला वॉल्स्कीला काढून टाकलं. दोन्ही मूळ फोटो वेगवेगळे छापले असते तरी चांगले होते, हे मला आजही टोचतं.

आता डेस्कवरचं रोजचं. निळीशाई म्हणते तो चांगला हेतू रोज रात्री दारात उभा असतो. पान लावणारा येतो आणि म्हणतो, मथळ्याला जागा कमी पडतेय, वरचं आभाळ जरा वाढवून दे ना. आभाळच तर आहे! सॉफ्टवेअर हे काम चुटकीसरशी करतं. कुणाचं नुकसान नाही, बातमी बदलत नाही, पान सुंदर दिसतं. मी नाही म्हणते आणि दरवेळी तेच स्पष्टीकरण देते. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिऑग्राफिकनेही असंच केलं होतं. गिझाच्या पिरॅमिडचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसेना, म्हणून संगणकावर दोन पिरॅमिड जवळ सरकवले. तेही पानाच्या मापासाठीच होतं. पुढे मासिकाने ती चूक होती हे मान्य केलं, पण आजही असा विषय निघाला की पहिलं उदाहरण त्याच अंकाचं दिलं जातं.

रानवारा

चर्चा चांगली चालू आहे, पण तुम्ही सगळे पिक्सेलमध्येच अडकलात. एकही पिक्सेल न बदलता अख्खा फोटो खोटा असू शकतो. मी निसर्ग छायाचित्रणातला, तिथली दोन उदाहरणं देतो.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रण स्पर्धा या क्षेत्रातली सर्वांत मानाची. २००९ चा पहिला क्रमांक रात्री फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला होता. नंतर परीक्षकांची खात्री झाली की लांडगा बहुधा माणसाळलेला, शिकवलेला होता, आणि बक्षीस काढून घेतलं. २०१७ च्या स्पर्धेत चमकणाऱ्या वारुळाशेजारी आलेल्या मुंगीखाऊच्या फोटोला बक्षीस मिळालं. २०१८ मध्ये ते रद्द झालं, कारण तज्ज्ञांच्या मते मुंगीखाऊ पेंढा भरलेला होता. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. पण बघा, दोन्ही प्रकरणांत तक्रार फोटोच्या फाइलबद्दल नव्हतीच.

आणि हे जुनंच आहे. क्रिमियन युद्धात १८५५ साली रॉजर फेंटनने तोफगोळ्यांनी भरलेल्या दरीचे दोन फोटो घेतले. एकात रस्ता मोकळा, गोळे कडेला. दुसऱ्यात तेच गोळे रस्त्याभर विखुरलेले. कुठला आधी काढला यावर पुढे बराच वाद झाला. माहितीपट बनवणाऱ्या एरल मॉरिसने त्याचा छडा लावायला उतारावरचे बारीक दगड तपासले. गोळे रस्त्यावर असलेल्या फोटोत ते दगड थोडे खाली घसरलेले दिसतात, म्हणजे मोकळा रस्ता आधीचा. लोकांच्या पायांनी ते दगड ढळले असणार. १८६३ मध्ये गेटिसबर्गला अलेक्झांडर गार्डनरने तर मृत सैनिकाचा देह उचलून दगडी आडोशापाशी नेऊन ठेवला, जवळ बंदूक टेकवली आणि तो लपून गोळ्या झाडणारा नेमबाज म्हणून दाखवला.

गार्डनरच्या निगेटिव्हवर ओरखडाही नाही. डेस्कवरच्या तुमच्या सगळ्या तपासण्यांतून तो फोटो आरामात पास होईल.

रात्रपाळी

@रानवारा, खरंय. आमच्या तपासणीला हे सापडत नाही, आणि त्यामुळेच फोटोओळ फोटोइतकीच तपासावी लागते. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेने २०१५ मध्ये जोवानी त्रोइलो याचं पहिलं बक्षीस काढून घेतलं ते फोटोओळीमुळे. मालिका बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरची म्हणून दिली होती, त्यातला एक फोटो ब्रसेल्समध्ये काढलेला निघाला. त्याच वर्षी शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के फोटो फेरफारामुळे बाद झाले होते. हे जगातले निवडक, व्यावसायिक वृत्तछायाचित्रकार. त्यांना नियम माहीत नव्हते असं कोण म्हणेल?

चौकट

निळीशाई, तुमचा 'फोटोसोबत काय सांगितलं गेलं' हा निकष मला पटला होता, पण त्याला एक भोक आहे. सांगणारा सांगतो कुठे आणि कसं?

जून १९९४ मध्ये 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन या अमेरिकी फुटबॉलपटूचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो होता. न्यूजवीकने तो जसाच्या तसा छापला. टाइमच्या चित्रकाराने त्याची त्वचा काळवंडवली, कडा गडद केल्या, चेहऱ्यावर छाया आणली. दोन अंक स्टॉलवर शेजारी शेजारी लागल्यामुळेच लोकांना ते कळलं. कृष्णवर्णीय माणसाला आणखी काळा करून गुन्हेगार दाखवलं म्हणून गदारोळ झाला, संपादकांना पुढच्या अंकात खुलासा करावा लागला. पण अंकाच्या आत, श्रेयनामावलीत, हे 'फोटोवरून केलेलं चित्र' आहे असं लिहिलेलं होतं! म्हणजे तुमच्या निकषाने टाइम सुटतं. आत बारीक टायपात लिहिलं की झालं का?

दुसरं म्हणजे, काहीही न पुसता, काहीही न जोडता, मुख्यतः उजेड कमी-जास्त करून केलेला हा फेरफार आहे. नियमावली ज्याला किरकोळ समजते तोच. कॉन्ट्रेरासच्या कॅमेऱ्यापेक्षा यात माणसाचं कितीतरी जास्त नुकसान झालं. डार्करूमच्या परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

कृष्णधवल

@चौकट, उत्तर देतो. उजेडाने खोटं बोलता येतं यात वादच नाही. पण उजेडाला हात लावू नका असा नियम करता येत नाही, कारण हात न लावलेला उजेड अस्तित्वातच नाही. कॅमेरा स्वतःच ठरवतो काळं किती काळं दाखवायचं ते. २०१३ मध्ये पॉल हॅन्सनचा गाझातल्या अंत्ययात्रेचा फोटो वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातला सर्वोत्तम ठरला तेव्हा हाच वाद पेटला. अरुंद गल्ली, दोन लहान मुलांचे देह हातावर घेऊन येणारी माणसं, आणि चेहऱ्यांवर पडलेला तो विलक्षण उजेड. लोक म्हणाले, फोटो जोडलेला आहे. संस्थेने तज्ज्ञांकडून मूळ फाइल तपासून घेतली. जोडकाम नव्हतं, फक्त रंग आणि उजेडावर काम केलेलं होतं. बक्षीस टिकलं. मला तो निर्णय योग्य वाटतो, पण तो फोटो बघताना मी एका मृत मुलाकडे बघतोय की एका सुंदर प्रिंटकडे, हा प्रश्न पडतोच. याला नियम पुरत नाही. फोटो काढणाऱ्याने स्वतःला आवरायला हवं.

टाइमबद्दल मात्र तुमच्याशी सहमत.

निळीशाई

@चौकट, भोक मान्य. माझा निकष अपुरा होता, त्यात एक भर घालते. सांगणं फोटो बघितला जातो त्याच जागी हवं, आणि बघणाऱ्याला न शोधता दिसायला हवं. आपल्या वृत्तपत्रांत फोटोखाली 'संग्रहित छायाचित्र' किंवा 'प्रातिनिधिक छायाचित्र' असं छापायची पद्धत आहे, ती मला फार मोलाची वाटते. पुराच्या बातमीला दोन वर्षांपूर्वीचा फोटो लावलाय हे त्या दोन शब्दांनी तिथल्या तिथे कळतं. हेच शब्द आतल्या पानावर छापले तर त्यांचा काय उपयोग?

पाणकोंबडी

एक वेगळा प्रश्न. अत्याचारातून वाचलेल्या व्यक्तीचा किंवा लहान मुलाचा चेहरा धूसर करतात, तोही फेरफारच ना? 'काही बदलायचं नाही' म्हणणारे याला काय म्हणतात?

रात्रपाळी

@पाणकोंबडी, फार चांगला प्रश्न. धूसर केलेला चेहरा स्वतःच सांगतो की मला धूसर केलंय. कुणाचीही फसवणूक होत नाही, आणि एका जिवाचं संरक्षण होतं. खांब पुसणारा मात्र खांब कधी नव्हताच असं भासवतो. मला तर या दोन उदाहरणांतून नियम जास्त स्पष्ट दिसतो: बदल स्वतःला लपवतोय का?

तरी काही वृत्तसंस्था धूसर करणंही शक्यतो टाळतात. त्यांचं म्हणणं, ओळख लपवायची असेल तर तसाच फोटो काढा: पाठमोरा, हातांचा, उजेडासमोरच्या काळ्या आकृतीचा. आम्ही छायाचित्रकारांना तेच सांगतो. सायंकाळच्या गडबडीत नेहमी जमतंच असं नाही, मग धूसर करावं लागतं. ते करताना नुसता पातळ पडदा टाकून भागत नाही. चेहरा पूर्ण मोडला पाहिजे, आणि कपडे, घराचा नंबर, शाळेचा बिल्ला हेही बघावं लागतं.

घुबड

स्टीव्ह मॅकरीचं नाव अजून कसं निघालं नाही? १९८५ च्या अफगाण मुलीच्या मुखपृष्ठामुळे जगाला माहीत झालेला माणूस. २०१६ मध्ये इटलीतल्या प्रदर्शनात त्याच्या क्यूबातल्या एका प्रिंटवर रस्त्यावरचा खांब अर्धवट सरकलेला कुणाला तरी दिसला. मग लोकांनी त्याच्या संकेतस्थळावरचे जुने फोटो काढून ताडून पाहिले. पावसात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांतला एक मुलगा गायब, रिक्षावरची माणसं गायब. त्याचं म्हणणं पडलं की मी आता दृश्यांतून गोष्ट सांगणारा आहे, पत्रकार नाही.

मला विचाराल तर त्याला तो हक्क आहे. माणूस आयुष्यभर एकच काम करायला बांधलेला नसतो. युद्धं बघून झाल्यावर त्याला नुसते रंग आणि आकार हवे असतील तर आपण कोण अडवणार?

निळीशाई

@घुबड, हक्क आहे, पण तो कधी सांगितला? पकडलं गेल्यावर. त्याआधी लोक ते प्रिंट विकत घेत होते ते 'हे जग असं आहे, आणि याने ते जाऊन पाहिलंय' या विश्वासावर. तो विश्वास त्याने बातमीदारीतून कमावला होता. पत्रकाराची पत वापरायची आणि चित्रकाराची मोकळीक घ्यायची, हे दोन्ही एकाच वेळी नाही चालणार. शिवाय तो पावसातला मुलगा तिथे खेळत होता. रचना जड होते म्हणून त्याला काढलं. ज्यांच्या आयुष्याचं दर्शन घडवतो म्हणून नाव झालं, त्यांच्यातल्याच एकाला अडचण समजून पुसायचं, हे मला सहन होत नाही.

घुबड

मुलाबद्दलचा मुद्दा लागला. तरी गॅलरीच्या भिंतीला वृत्तपत्राचे नियम लावणं मला मान्य नाही. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडरने तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भव्य प्रिंट केला होता, राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. जेफ वॉलने १९९३ मध्ये जपानी चित्रकार होकुसाईच्या चित्रावर बेतलेला वाऱ्याचा फोटो शंभरावर फोटो जोडून बनवला. कलेला ही मुभा पहिल्यापासून आहे.

तळटीप

सगळे प्रतिसाद वाचले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय टाळता येणार नाही असं दिसतं.

२०२३ मध्ये बोरिस एल्डागसेनने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी पुरस्कारात बक्षीस मिळवलं आणि नाकारलं. प्रतिमा यंत्राने बनवलेली होती, स्पर्धा याला तयार आहेत का हे त्याला बघायचं होतं. २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे याने उलटं केलं: कृत्रिम प्रतिमांच्या गटात डोकं पिसांत खुपसलेल्या फ्लेमिंगोचा खरा फोटो पाठवला आणि बक्षीस मिळवलं. पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते योनास बेंडिक्सनने. तो मॅग्नम या छायाचित्रकारांच्या नामांकित संस्थेचा सदस्य. उत्तर मॅसेडोनियातलं वेलेस हे गाव खोट्या बातम्यांच्या उद्योगासाठी बदनाम झालं होतं. त्यावर त्याने २०२१ मध्ये पुस्तक काढलं. गावाचे फोटो खरे, त्यांतली माणसं संगणकाने बनवलेली. कुणाच्याही लक्षात आलं नाही. फ्रान्समधल्या पेर्पिन्याँच्या वृत्तछायाचित्रण महोत्सवात ते काम दाखवलंसुद्धा गेलं. शेवटी त्याने स्वतःच बोभाटा व्हावा म्हणून खटपट केली. सावल्या आणि शर्ट तपासणाऱ्या सगळ्या तयार नजरा त्या दालनातून फिरून गेल्या होत्या.

त्यामुळे 'आम्ही डोळ्यांनी पकडू' हे दिवस संपले. आता उलट बाजूने काम सुरू झालंय: खोटं शोधण्याऐवजी खऱ्यावर शिक्का मारायचा. २०२१ मध्ये काही कंपन्या आणि माध्यमसंस्थांनी मिळून सीटूपीए नावाचं मानक तयार करायला घेतलं. फोटो काढतानाच कॅमेरा त्यात सही केलेली नोंद ठेवतो, पुढे प्रत्येक बदलाची नोंद तिला जोडली जाते. २०२३ च्या अखेरीस लायकाच्या एम ११-पी कॅमेऱ्यात ही सोय थेट आली. अडचण अशी की बहुतेक समाजमाध्यमं फोटो चढवताना आतल्या नोंदी गाळून टाकतात. आणि सही फक्त एवढंच सांगते की फाइल या कॅमेऱ्यातून आली. रानवाऱ्यांचा पेंढा भरलेला मुंगीखाऊ त्या सहीसकट बक्षीस घेऊन जाईल.

पाणकोंबडी

फोनचं काय? २०२३ मध्ये एकाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो पडद्यावर लावून, अंधाऱ्या खोलीतून एका नामांकित कंपनीच्या फोनने टिपला. फोनने त्यात खड्डे भरून दिले, जे समोर नव्हतेच! म्हणजे फोटो काढणाऱ्याने काहीही केलं नाही तरी फेरफार झालेला असू शकतो.

रात्रपाळी

यामुळेच आजकाल वाचकांनी पाठवलेला फोटो घेताना मी मूळ फाइल मागते, त्याच प्रसंगाचे आधीचे-नंतरचे फोटो मागते. खरा माणूस सहसा एकच फोटो काढत नाही, चार-पाच तरी काढतोच. सलग फोटो असले की बराच उलगडा होतो. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश राजवाड्याने वेल्सच्या राजकन्येचा मुलांसोबतचा फोटो पाठवला आणि मोठ्या वृत्तसंस्थांनी तो काही तासांत मागे घेतला, मुलीच्या बाहीची कड जुळत नव्हती. घरगुती फोटो, कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. पण बातमी म्हणून पाठवला की नियम सगळ्यांना सारखाच. याच कारणासाठी २०१५ च्या चेन्नईच्या पुराच्या वेळी पत्र सूचना कार्यालयाने टाकलेला, पंतप्रधान विमानातून पाहणी करतानाचा जोडलेला फोटो टीकेचा विषय झाला आणि काढावा लागला. पाहणी खरी होती. खिडकीतलं दृश्य नंतर बसवलेलं होतं.

निळीशाई

@घुबड, गॅलरीला वृत्तपत्राचे नियम मलाही लावायचे नाहीत. एक साधी मागणी आहे. प्रिंटशेजारी पाटी असतेच. त्यावर कागद कुठला, छपाईची पद्धत कुठली, किती प्रतींपैकी ही कितवी, हे सगळं लिहितात, कारण विकत घेणाऱ्याला त्याने फरक पडतो. त्याच पाटीवर 'फोटोतले काही घटक काढले आहेत' ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

कृष्णधवल

सगळ्यांना नको. जेरी उल्समनच्या प्रिंटमध्ये झाडं मुळांसकट हवेत तरंगतात. तिथे अशी पाटी लावणं हा बघणाऱ्याचा अपमान होईल. ॲडम्सलाही नको असं मला वाटतं. मॅकरीच्या प्रदर्शनात मात्र हवी. जिथे बघणारा समोरची गोष्ट घडलेली मानूनच आत शिरतो, तिथे.

घुबड

आणि ते ठरवणार कोण? छायाचित्रकार?

निळीशाई

छायाचित्रकारानेच. काय काढलं हे त्यालाच माहीत असतं. आणि न लिहिता नंतर उघड झालं तर प्रिंट परत घेऊन पैसे द्यायची तयारी गॅलरीने ठेवावी. कॉन्ट्रेरासच्या वेळी वृत्तसंस्थेने जेवढा कडकपणा दाखवला, त्याच्या निम्मा जरी गॅलऱ्यांनी दाखवला तरी मला पुरे आहे.